द्रवरूप हवेवरचं इंजिन : सव्वाशे वर्षांची पार्श्वभूमी

आजच्या पोलंडमधल्या क्रॅको शहरात व्रोब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की या शास्त्रज्ञांनी १८८३ मध्ये ऑक्सिजन आणि नायट्रोजन द्रवरूपात आणले. १८९५ मध्ये कार्ल फॉन लिंडे यांनी मोठ्या प्रमाणावर हवा द्रवरूप करण्याची पद्धत शोधली आणि मग या थंडगार द्रवावर इंजिन चालवायची स्वप्नं सुरू झाली.

त्यातलं सर्वांत गाजलेलं स्वप्न न्यूयॉर्कच्या चार्ल्स ट्रिपलर यांचं. तीन गॅलन द्रवरूप हवेच्या जोरावर आपलं यंत्र दहा गॅलन नवी हवा द्रवरूप करतं, असा त्यांचा दावा होता. स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट या तंत्रशिक्षण संस्थेचे हेन्री मॉर्टन यांनी तो जाहीरपणे खोडून काढला, तरी लोकांनी पैसे गुंतवले आणि ते बुडाले. या फसगतीमुळे एका चांगल्या कल्पनेची पतच गेली, असं मला वाटतं. द्रवरूप हवा हे इंधन नव्हे, वीज साठवायचं साधन आहे. हवा थंड करताना खर्च झालेल्या विजेतला काही भागच परत मिळतो. त्यामुळे गाडीतून धूर येत नसला, तरी ती वीज कोळशाची की वाऱ्याची, हा प्रश्न उरतोच.

खरी अडचण उष्णतेची. हवेचा मोठा भाग नायट्रोजनचा असतो. उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव नायट्रोजन भोवतालच्या उष्णतेनं सुमारे ७०० पट फुगतो आणि त्याच्या दाबावर पिस्टन हलतो. वॉशिंग्टन विद्यापीठात एब हर्ट्झबर्ग यांच्या गटानं १९९० च्या दशकात टपालाची एक व्हॅन अशी चालवून दाखवली. पण बाहेरच्या हवेतली उष्णता ओढणाऱ्या नळ्यांवर बर्फ धरू नये, यासाठीच बरीच खटपट करावी लागली. शिवाय सिलिंडरमध्ये फुगताना वायू गार होतो आणि दाब झपाट्यानं उतरतो.

यावरची युक्ती इंग्लंडमधल्या पीटर डिअरमन यांची. त्यांनी पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण, म्हणजे रेडिएटरमध्ये ओततो तसलंच कूलंट, थेट सिलिंडरमध्ये सोडलं. नायट्रोजनला उष्णता आतच मिळू लागली. थंडाव्याचा उपयोगही सापडला : २०१६ मध्ये सेन्सबरीज या ब्रिटिश सुपरमार्केट साखळीनं मालाची एक शीतगाडी या इंजिनावर थंड ठेवून पाहिली.

आपल्याकडे कृत्रिम रेतनासाठी गावोगाव जाणाऱ्या कॅनमध्ये हाच नायट्रोजन असतो, पण तो फक्त थंडाव्यासाठी.

याच विचाराची दुसरी शाखा वीजसाठवणुकीकडे गेली. हायव्ह्यू कंपनीनं २०१८ मध्ये मँचेस्टरजवळ पिल्सवर्थ इथं ५ मेगावॅटचा प्रकल्प सुरू केला. मँचेस्टरजवळच्याच कॅरिंग्टनमध्ये आता ५० मेगावॅटचा हाती घेतला आहे.