कार्ड तापतंय की कॅबिनेट कोंडलंय?

एप्रिलच्या दुपारी कोल्हापुरात पारा 37-38 अंशांवर असतो. लग्नाच्या व्हिडिओचं एक्स्पोर्ट लावलेलं असतं, नाहीतर फौंड्रीच्या पॅटर्नचं थ्रीडी मॉडेल रेंडर होत असतं, आणि ग्राफिक कार्डाचा आकडा 84-85 वर जाऊन बसतो. पंखे जोरात ओरडू लागतात. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, पेस्ट बदला, म्हणजे चिप आणि तिला गार करणारा धातूच्या पात्यांचा हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप. पेस्ट बदलली तरी आठवड्याने पुन्हा तेच. उलटही घडतं: कॅबिनेटला चार नवे पंखे लावले जातात आणि आकडा दोन अंशही खाली येत नाही.

याचं कारण, एकसारखे दिसणारे हे दोन वेगळे बिघाड आहेत. एकात चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत किंवा हीटसिंकमधून हवेत नीट जात नाही. हा कार्डाचा दोष. दुसऱ्यात कार्ड धडधाकट असतं, पण त्याच्या पंख्यांना मिळणारी हवाच आधी तापलेली असते. हा कॅबिनेटचा दोष. स्क्रीनवर मात्र दोन्हीकडे तोच आकडा दिसतो.

कार्डाचं तापमान ही एक साधी बेरीज आहे. कार्डाच्या पंख्यात शिरणारी हवा किती अंशांची, अधिक त्या हवेच्या वर चिप किती अंश चढते. दुसरी रक्कम ठरते ती कार्ड किती वॅट खातंय, पंखे किती वेगाने फिरताहेत आणि पेस्ट-हीटसिंकची अवस्था काय, यावर. समजा खोलीत 36 अंश आहेत. एका मशीनमध्ये कार्डापाशी हवा 48 अंशांची झालीय आणि चिप तिच्यावर 38 अंश चढते: 86. दुसऱ्या मशीनमध्ये कार्डापाशी हवा 38 अंशांचीच आहे, पण पेस्ट वाळल्यामुळे चिप 48 अंश चढते: 86. पहिल्याला पेस्ट बदलून काही मिळणार नाही, दुसऱ्याला पंखे लावून. म्हणून खिशात हात घालण्याआधी कोणती रक्कम वाढलीय ते शोधावं. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि खर्च काहीच नाही.

मोजण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम पुरेसा आहे, दोन्ही फुकट मिळतात. खोलीचं तापमान मोजायला भिंतीवरचा साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ ठेवा. मग दोन गोष्टी बांधून टाका. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्डाच्या पंख्यांचा वेग 70 टक्क्यांवर पक्का करा आणि पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वॅट खायचे ती मर्यादा, 75 टक्क्यांवर आणा. पंखे ऑटोवर असले की कार्ड गरम झाल्यावर ते वेग वाढवतात, गार झाल्यावर कमी करतात, त्यामुळे आत 8 अंशांचा फरक पडला तरी आकड्यात 2-3 अंशच दिसतो. पॉवर लिमिटचं कारण असं की एनव्हिडियाची बरीच कार्डं 83 अंशांच्या आसपास पोचली की क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, खाली आणून स्वतःला तिथेच रोखतात. तापमान त्या छताला टेकलं की त्याच्यावरून काहीच कळत नाही. चाचणीत आकडा छताच्या खालीच राहायला हवा.

आता एकच लोड 20 मिनिटं चालवा. रोजचं रेंडर चालेल, एखाद्या गेममधला एकच सीन चालेल. कार्डावर मुद्दाम पूर्ण ताण देणारा फरमार्क हा प्रोग्रॅम चालवायचा तर याच 75 टक्क्यांवर. पहिल्या मिनिटाचा, पाचव्या मिनिटाचा आणि विसाव्या मिनिटाचा आकडा लिहून ठेवा. मग लोड न थांबवता कॅबिनेटचा बाजूचा पत्रा किंवा काच काढा आणि आणखी 10 मिनिटं थांबा. खोलीतला छताचा पंखा आधी बंद असेल तर आताही बंदच ठेवा, नाहीतर तुलना बिघडते.

पत्रा काढल्यावर तापमान 8-10 अंश किंवा त्याहून जास्त उतरलं तर हवा कॅबिनेटमध्ये कोंडतेय. फक्त 2-3 अंश उतरलं तर कॅबिनेट ठीक आहे, दोष कार्डात आहे. मधला 5-6 चा आकडा आला तर बहुतेक दोन्हीकडे थोडं थोडं आहे. तेव्हा आधी कॅबिनेट सुधारावं, कारण तिथे वॉरंटीच्या स्टिकरला हात लागत नाही.

आकडा चढतो कसा, यातूनही बरंच कळतं, आणि इकडे लोक फारसं पाहत नाहीत. पेस्ट गेलेली असली की लोड सुरू होताच 10-15 सेकंदांत तापमान 40 वरून 75 वर उडी मारतं, कारण उष्णता चिपमध्येच अडकते आणि एवढा मोठा हीटसिंक तिच्या उपयोगी पडत नाही. कॅबिनेट कोंडलेलं असलं तर पहिली दोन-तीन मिनिटं सगळं छान दिसतं, मग आकडा सावकाश वर सरकतो आणि 15-20 मिनिटांनी कुठे स्थिरावतो. आतली हवा, पत्रे, मदरबोर्ड हे सगळं तापायला तेवढा वेळ लागतोच. शिवाय त्या वेळात शेजारीही तापतात. एसएसडी, मदरबोर्ड, अगदी मोकळा बसलेला प्रोसेसर, सगळ्यांचे आकडे सोबत वर जात असतील तर कार्डाला दोष देऊ नका.

तिसरी खूण म्हणजे कोअर आणि हॉटस्पॉट यांच्यातलं अंतर. कोअरचा आकडा एका जागेचा असतो, हॉटस्पॉट म्हणजे चिपवरच्या अनेक सेन्सरांपैकी सर्वांत तापलेल्या जागेचा. हवा गरम झाली की दोन्ही बरोबर चढतात, त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. पेस्ट बिघडली की अंतर वाढतं. एनव्हिडियाच्या कार्डात 10-15 अंशांचं अंतर नेहमीचं, 20 च्या वर शंका घ्यावी, 25-30 दिसलं तर कार्ड उघडावंच लागेल. एएमडीच्या कार्डात पूर्ण लोडला 20 चं अंतर नवल नाही, तिथे हॉटस्पॉटची मर्यादाच 110 अंश आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 50 मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा या प्रोग्रॅममध्ये दिसत नाही, त्यामुळे तिथे पत्र्याची चाचणी आणि चढण्याचा वेग यांवरच भिस्त.

पंखे थांबलेले दिसले म्हणून घाबरून कार्ड दुरुस्तीला आणणारे बरेच असतात. आजची बहुतेक कार्डं 50-60 अंशांखाली पंखे मुद्दाम थांबवतात, तो बिघाड नव्हे.

निदान कॅबिनेटकडे बोट दाखवत असेल तर आधी हवेचा हिशेब समजून घ्यावा. कार्ड आणि प्रोसेसर मिळून 350 वॅट उष्णता टाकत असतील आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा 10 अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर मिनिटाला साधारण 60 ते 70 घनफूट हवा कॅबिनेटमधून आरपार जावी लागते. 120 मिलिमीटरच्या साध्या पंख्याच्या खोक्यावर 50 घनफूट लिहिलेलं असतं, पण तो आकडा पुढेमागे काही आडवं नसतानाचा. धुळीची जाळी आणि पुढची काच आली की त्यातलं बरंच गळून जातं. म्हणून पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, ही किमान मांडणी. वर आणखी एक लावायचा तर मागच्या कोपऱ्यात लावा. वर अगदी पुढे लावलेला पंखा, पुढून आलेली ताजी हवा कार्डापर्यंत पोचायच्या आतच ओढून बाहेर फेकतो. ही चूक नव्या बांधलेल्या मशीनमध्येही वारंवार दिसते.

पंखा उलटा बसलाय का, हे बघायला त्याची चौकट पाहा. मोटरला धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मग देवघरातली एक उदबत्ती घ्या. मशीन लोडवर असताना ती पुढच्या जाळीपासून तीन-चार बोटं लांब धरा. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. तो जाळीसमोर घुटमळत वर निघून गेला तर तिथून हवा जातच नाही. मग उदबत्ती मागे, कार्डाच्या स्लॉटच्या पट्ट्यांपाशी न्या. मागच्या पंख्याने फेकलेली गरम हवा कॅबिनेट भिंतीला टेकलेलं असल्यामुळे परतून याच फटींतून आत शिरताना धूर अगदी स्पष्ट दाखवतो. मागे किमान एक वीत जागा सोडली की हे थांबतं. राख आत पडणार नाही एवढं सांभाळा. दार असलेल्या कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात ठेवलेल्या मशीनला मात्र कितीही पंखे लावा, ते त्याच कप्प्यातली हवा फिरवत राहतात. मशीन बाहेर काढणं हाच तिथला उपाय.

आत शिरणारी हवा बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी, हे आपल्याकडे तर पाळायलाच हवं. तसं केलं की हवा जाळीतूनच येते, बाकीच्या फटींतून ती बाहेर पडते, धूळ आत घेत नाही. गाळप हंगामात उसाच्या चिपाडाची काळी काजळी गच्चीवर पडते तशी खिडकीतून घरातही येते. उद्यमनगर किंवा शिरोलीच्या बाजूला फौंड्रीच्या वाळूची बारीक पूड असते आणि तिच्यात लोखंडाचे कण असू शकतात, म्हणजे उष्णतेबरोबर शॉर्टचीही भीती. पावसाळ्यात हीच धूळ दमट होऊन हीटसिंकच्या पात्यांवर गोधडीसारखी बसते. पुढची जाळी महिन्यातून एकदा पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून लावावी, हंगामात पंधरा दिवसांनी.

जागेचंही बघा. कार्डाच्या पंख्यांखाली दोन बोटं तरी मोकळी हवीत. खालच्या स्लॉटमध्ये वायफाय कार्ड असेल, केबलचा जुडगा लोंबत असेल तर तो पंख्याचं तोंडच बांधतो. कार्ड शोभेसाठी उभं करून काचेला चिकटवलेलं असेल, तर पत्रा काढताच आकडा धाडकन उतरेल आणि कितीही पंखे लावले तरी काच परत लावली की पुन्हा चढेल. ते कार्ड आडवंच बसवायला हवं.

दोष कार्डाचा निघाला तरी लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलू नका. आधी पंखे पाहा: आफ्टरबर्नरमध्ये 70 टक्के दिले की सगळे सारख्या वेगाने फिरतात का, एखादा बोटाने ढकलल्यावर अडखळतो का. मग धूळ. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत, मोकळी सोडली तर पंखा मर्यादेपलीकडे फिरतो आणि बेअरिंग जातं. वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर हाताशी असला तरी टाळावा. त्याच्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे थेंब असतात आणि दाब इतका की हीटसिंकची पातळ पाती वाकतात.

एवढं करूनही हॉटस्पॉटचं अंतर मोठं राहिलं तर पेस्ट. कार्ड रोज तापतं, निवतं, चिप आणि तांब्याचा तळ कमीजास्त प्रसरण पावतात, आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. मध्यभाग कोरडा पडतो. कार्ड 10 मिनिटं चालवून, बंद करून, प्लग काढून, कोमट असतानाच उघडा म्हणजे जुनी पेस्ट सुटते. मागचे चार स्प्रिंगचे स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे थोडे सैल करा. हीटसिंक एकदम उचलू नका, पंख्याच्या बारीक वायरी बोर्डाला जोडलेल्या असतात. पुसायला 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. प्रोसेसरवर ठेवतात तसा वाटाण्याएवढा गोळा इथे चालत नाही. ग्राफिक चिपवर धातूची टोपी नसते, ती उघडीच असते. एखादा कोपरा कोरडा राहिला तर तोच पुढचा हॉटस्पॉट, म्हणून पूर्ण चिपवर पातळ थर पसरवा. पेस्टऐवजी पीटीएम 7950 सारखी शीट लावली तर ती 45 अंशांच्या आसपास मऊ होऊन बसते आणि कडेला ढकलली जात नाही. बरीच वर्षं वापरायच्या कार्डाला हीच लावावी असं आमचं मत.

सर्वांत जास्त कार्डं बिघडतात ती थर्मल पॅडच्या, म्हणजे मेमरी आणि हीटसिंक यांच्यामधल्या उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्टीच्या, जाडीने. मेमरीवरचे फाटलेले पॅड बदलताना 1.5 मिलिमीटरच्या जागी 2 चे लावले, की हीटसिंक अर्ध्या मिलिमीटरने उचलला जातो आणि चिपला टेकतच नाही. काम करून घरी आणलेलं कार्ड आधीपेक्षा 15 अंश जास्त तापतं, तेव्हा बहुतेक हेच झालेलं असतं. जुना पॅड दाबून बसलेला असतो, त्यामुळे जाडी मोजताना न दबलेली कड शोधून तिथे व्हर्नियर लावा. आरटीएक्स 3080 आणि 3090 मधली जीडीडीआर6एक्स मेमरी 110 अंशांना स्वतःला आवरतं घेते. कोअर 68 आणि मेमरी 106 असं दिसलं तर पेस्टला हात लावू नका, पॅड तपासा. 3090 मध्ये अर्धी मेमरी पाठीमागे आहे, तिची उष्णता मागच्या पत्र्यातूनच निघते. म्हणून त्या कार्डाला पॅड आणि कॅबिनेटची हवा, दोन्ही लागतात.

काम अंगावर आहे आणि कार्ड उघडायला सवड नाही, अशा वेळी पॉवर लिमिट 80 टक्क्यांवर ठेवून मे महिना काढता येतो. 320 वॅटचं 3080 मग 256 वॅटवर चालतं आणि रेंडरचा वेळ थोडासाच वाढतो. पत्रा काढून ठेवणं मात्र चाचणीपुरतंच. उघड्या मशीनमध्ये जाळी निकामी होते, काजळी थेट पात्यांवर बसते, आणि रात्री उबेला आलेली पाल बोर्डावर सापडते ती मेलेलीच.