इंग्रजीतील अगणनीय नामे

ज्या नामांना इंग्रजीत सहसा अनेकवचन होत नाही, ज्यांच्याआधी 'अ' किंवा 'अ‍ॅन' लागत नाही आणि ज्यांचे क्रियापद एकवचनी असते, ती अगणनीय नामे. वॉटर, कॉटन, फर्निचर, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस ही नेहमीची उदाहरणे. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी त्यांना 'मास-वर्ड' म्हटले.

शाळेत 'मोजता न येणाऱ्या वस्तूंची नावे' अशी व्याख्या पाठ करून घेतात. ती सोपी आहे, पण विद्यार्थ्याला फसवते. रावेर-यावलकडे केळी क्विंटलच्या भावाने जातात, तरी 'बनाना' गणनीय. त्याच केळीचे पैसे शेतकरी नोट-नोट मोजून घेतो, आणि 'मनी' मात्र अगणनीय! गणनीयता हा त्या-त्या भाषेतल्या शब्दाचा गुण आहे. वस्तूकडे पाहून तो ओळखता येत नाही.

खानदेशातल्या मुलांची खरी अडचण इथेच होते. आपण 'तांदूळ धुतले', 'केस पिकले', 'पैसे दिले', 'बातम्या ऐकल्या' असे सहज अनेकवचनात बोलतो. इंग्रजीत राइस, हेअर, मनी, न्यूज या चौघांनाही 'इज' लागते. (ताटात सापडलेला एकच केस मात्र 'अ हेअर'.) 'सल्ले'वरून 'अ‍ॅडव्हाइसेस' होते, तेही चूक. 'लगेजेस' ही चूक तर टाळण्यासारखी आहे, कारण मराठीतही 'दोन सामाने' कोणी म्हणत नाही. लगेज म्हणजे 'सामान' असेच लक्षात ठेवावे, 'बॅग' असे नव्हे.

दुसरी अडचण 'किती'ची. मराठीतले 'किती' आणि अहिराणीतले 'कितला' केळ्यांनाही चालते, पाण्यालाही. इंग्रजीत 'हाउ मेनी बनानाज', पण 'हाउ मच वॉटर'. 'थोडे'चेही तसेच : गणनीयाला 'अ फ्यू', अगणनीयाला 'अ लिटल'.

मोजायचेच झाले तर माप मध्ये घालतात. जिनिंगमध्ये सरकी निघाली, रुई दाबली की गाठी बांधल्या जातात. मोजतात त्या गाठी : 'टेन बेल्स ऑफ कॉटन'. अनेकवचनाचा प्रत्यय मापाला लागतो, 'कॉटन' जागचा हलत नाही. सल्ल्यालाही असेच माप आहे : 'टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस'.

काही शब्द दोन्हीकडे वावरतात. भरितासाठी काटक्यांवर भाजायला ठेवली ती 'थ्री ब्रिंजल्स'. साल काढून ठेचल्यावर वाटीत वाढले ते 'सम ब्रिंजल'. वांगे तेच, पण आता त्याला देठ नाही, आकार नाही.

धान्य-कडधान्यांत एकच नियम शोधू नये. व्हीट, राइस अगणनीय. मसूर आणि हरभरा मात्र 'लेंटिल्स', 'चिकपीज' असे गणनीय. वाटाण्याने तर बाजूच बदलली. पूर्वी इंग्रजीत 'पीझ' हे गव्हा-तांदळासारखे अगणनीय नाव होते. त्यातला शेवटचा 'झ' लोकांना अनेकवचनाचा वाटला, आणि तो काढून 'पी' हे नवे एकवचन तयार झाले.