विधी साहाय्य, दिवाणी बाबींतील

वकिलाचे मानधन, न्यायालयीन शुल्क व दाव्याचा अनुषंगिक खर्च ज्यांना स्वतःच्या उत्पन्नातून भागविता येत नाही, अशा व्यक्तींना दिवाणी तंट्यांत विनामूल्य किंवा अल्पमूल्याने पुरविले जाणारे कायदेविषयक सल्ला, मसुदालेखन व न्यायालयातील प्रतिनिधित्व, म्हणजे दिवाणी विधी साहाय्य. घरभाडे व ताबा, पोटगी, मुलांची अभिरक्षा, थकीत वेतन, नुकसानभरपाई, वारसा आणि कर्जवसुली ह्यांसंबंधीचे तंटे ह्यात प्रामुख्याने येतात. फौजदारी आरोपीस मिळणाऱ्या साहाय्याशी ह्याचे साम्य वरवरचे आहे. तेथे आरोपीचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असल्याने वकील देण्याचे बंधन राज्यसंस्थेवर तुलनेने लवकर आले. दिवाणी तंटा मात्र दोन खाजगी पक्षांमधला मानला गेल्यामुळे त्यातील साहाय्य दीर्घकाळ दान, सवलत किंवा व्यावसायिक कर्तव्य ह्या स्वरूपातच राहिले.

ह्या संस्थेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. मध्ययुगीन यूरोपात ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या न्यायालयांत गरीब पक्षकारास वकील नेमून देण्याची प्रथा होती आणि ब्रिटनी प्रांतातील संत ईव्हो (१२५३–१३०३) ह्यांची ‘गरिबांचे वकील’ अशी ख्याती त्याच परंपरेतली आहे. लौकिक कायद्यापुरते बोलायचे, तर स्कॉटलंडच्या संसदेने १४२४ मध्ये केलेला, निर्धन फिर्यादीस वकील मिळवून देण्याविषयीचा कायदा हा आरंभीच्या विधानांत गणला जातो. इंग्लंडमध्ये हा मान सातव्या हेन्रीच्या अकराव्या राज्यवर्षातील बाराव्या अधिनियमाला दिला जातो. जुन्या संदर्भग्रंथांत त्याचे साल कधी १४९४, तर कधी १४९५ असे आढळते. हेन्रीचे अकरावे राज्यवर्ष १४९५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि संबंधित संसद त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भरली, हे लक्षात घेता १४९५ हेच साल अधिक ग्राह्य वाटते. ह्या अधिनियमाने निर्धन वादीस दावा सुरू करण्यासाठी लागणारी आज्ञापत्रे शुल्क न आकारता द्यावीत आणि न्यायाधीशांनी त्याच्यासाठी विनामोबदला वकील नेमावा, असे ठरविले. ही तरतूद नवी होती, की न्यायालयांत आधीपासून रुळलेल्या प्रथेला तिने केवळ कायद्याचे रूप दिले, ह्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. दुसरे मत अधिक संभाव्य दिसते. प्रतिवादीला मात्र त्यात स्थान नव्हते. निर्धन कोणास म्हणावे, ह्याची व्याख्याही अधिनियमात दिसत नाही. पाच पौंडांहून अधिक मालमत्ता नसल्याची शपथ घेण्याची अट पुढे व्यवहारातून आली असावी. आठव्या हेन्रीच्या काळातील एका कायद्याने हरलेल्या निर्धन वादीला प्रतिपक्षाच्या खर्चातून सूट दिली, पण त्याऐवजी न्यायाधीशांच्या विवेकानुसार अन्य शिक्षा करण्याची मुभा ठेवली. ही शिक्षा फटक्यांची असू शके. अठराव्या शतकातील इंग्रज विधिज्ञ ब्लॅकस्टोन ह्याच्या काळापर्यंत ती प्रथा लोपली होती.

ह्या इतिहासात दोन धागे वेगळे करून पाहावे लागतात: शुल्कमाफी आणि वकिलाची नेमणूक. शुल्कमाफीचा भार राज्याच्या तिजोरीवर पडतो. नेमलेल्या वकिलाला मोबदला मिळाला नाही, तर दुसरा भार वकीलवर्गावर पडतो. फ्रान्सच्या २२ जानेवारी १८५१ च्या कायद्याने आणि १८७७ च्या जर्मन दिवाणी प्रक्रिया संहितेने दोन्ही गोष्टी दिल्या, परंतु वकिलाचे काम आरंभी धर्मादायच राहिले. वकिलाला सार्वजनिक निधीतून मोबदला देणारी व्यापक योजना इंग्लंड व वेल्समध्ये रशक्लिफ समितीच्या १९४५ च्या अहवालानंतर १९४९ च्या अधिनियमाने आली. तिच्यातूनही बदनामीचे दावे वगळलेले होते. २०१२ च्या अधिनियमाने (अंमल एप्रिल २०१३) खाजगी कौटुंबिक वाद, ऋण व कल्याणकारी लाभ ह्यांविषयीची बहुतेक प्रकरणे योजनेबाहेर गेली. अमेरिकेत सुरुवात खाजगी संस्थांनी केली. त्यांपैकी न्यूयॉर्कमधील संस्था १८७६ मध्ये जर्मन स्थलांतरितांसाठी निघाली. १९७४ मध्ये संघराज्याच्या निधीने चालणारे विधी सेवा महामंडळ स्थापन झाले.

दिवाणी प्रकरणात वकील मिळणे हा हक्क आहे काय, ह्या प्रश्नावर दोन निर्णय परस्परविरुद्ध दिशांचे म्हणून नेहमी उद्धृत होतात. ‘एअरी विरुद्ध आयर्लंड’ (१९७९) ह्या प्रकरणात यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने न्यायिक विभक्ततेसाठी (विवाह न मोडता पतीपासून वेगळे राहण्याच्या न्यायालयीन आदेशासाठी) वकील परवडत नसलेल्या पत्नीच्या बाजूने कौल दिला. यूरोपीय मानवी हक्क करारातील हक्क केवळ कागदोपत्री नसून परिणामकारक असले पाहिजेत, ही त्यामागील भूमिका होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘लॅसिटर’ प्रकरणात (१९८१) मात्र शारीरिक स्वातंत्र्य धोक्यात नसेल, तर सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही असे गृहीत धरावे, असे मत बहुमताने दिले. ते प्रकरण मातेचे पालकत्वाचे अधिकार संपुष्टात आणण्याचे होते, ही बाब टीकाकारांनी वारंवार निदर्शनास आणली आहे.

भारतात शुल्कमाफीचा धागा दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३३ मध्ये दिसतो. विहित न्यायशुल्क भरण्याइतकी साधने नसलेली व्यक्ती परवानगी घेऊन शुल्क न भरता दावा दाखल करू शकते. साधनांचा हिशेब करताना जप्तीपासून मुक्त असलेली मालमत्ता व दाव्याचा विषय असलेली मालमत्ता वगळतात. अर्जापूर्वी दोन महिन्यांत कपटाने मालमत्तेची विल्हेवाट लावलेली असल्यास, वादकारण (दावा करण्यास आधारभूत कारण) दिसत नसल्यास किंवा दाव्याच्या विषयात त्रयस्थाचा हितसंबंध निर्माण करणारा करार केलेला असल्यास अर्ज फेटाळला जातो. ही माफी वस्तुतः शुल्काची पुढे ढकललेली वसुली होय, कारण वादी जिंकल्यास शुल्काचा पहिला बोजा (वसुलीचा अग्रहक्क) दाव्याच्या विषयावर राहतो आणि हरल्यास ते त्याच्याकडूनच वसूल होते. ‘व्यक्ती’ ह्या शब्दात कंपनीचाही अंतर्भाव होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ठरविले. वकील नेमून देण्याची तरतूद (नियम ९-अ) १९७६ च्या दुरुस्तीने आली, म्हणजे मूळ संहितेनंतर सुमारे सात दशकांनी.

वकिलाच्या धाग्याबाबत मुंबई प्रांताने १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पुढे गुजरातेत न्यायमूर्ती पी. एन. भगवती ह्यांची आणि केंद्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांची समिती झाली. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेला अनुच्छेद ३९-अ निःशुल्क विधी साहाय्य देताना दिवाणी व फौजदारी असा भेद करीत नाही. मात्र तो मार्गदर्शक तत्त्वांत मोडतो, म्हणजे त्याची अंमलबजावणी थेट न्यायालयामार्फत करून घेता येत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त इत्यादींना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी मर्यादा राज्यशासन ठरविते. कलम १३ नुसार प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असणेही आवश्यक आहे. अर्ज तालुका समिती, जिल्हा प्राधिकरण किंवा उच्च न्यायालयाच्या समितीकडे करता येतो आणि साहाय्यात वकिलाशिवाय न्यायशुल्क व इतर खर्चही येतात.

ह्याच अधिनियमाखालील लोकअदालतीत तडजोड झाल्यास भरलेले न्यायशुल्क परत मिळते आणि निवाडा हुकूमनाम्याप्रमाणे बंधनकारक ठरून त्याविरुद्ध अपील चालत नाही. सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांसाठी २००२ च्या दुरुस्तीने आलेली स्थायी लोकअदालत तडजोड फसल्यास गुणदोषांवर निर्णयही देऊ शकते.