पायच्या खोक्यामागचा तक्ता

कोथरूडच्या सुपरमार्केटात संध्याकाळी सातच्या सुमाराला हे दृश्य हमखास दिसतं. फ्रीजपाशी एक काका उभे, चष्मा कपाळावर चढवलेला, हातातलं अ‍ॅपल पायचं खोकं नाकाला टेकेल इतकं जवळ. पुढच्या बाजूला दवाचे थेंब असलेलं लालभडक सफरचंद, पण काका मागची बाजू वाचतायत. ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, साखर, चरबी, सोडियम. काकूंचा प्रश्न ठरलेला: "अहो, घ्यायचाय की अभ्यास करायचाय?"

पायला मराठीत वेगळा शब्द नाही, तशी गरजही पडली नाही. मैद्याच्या पारीत गोड सारण ही कल्पना करंजीमुळे आपल्या घरची आहे. फरक आहे तो मोहनात. करंजीत ते चमच्यांनी मोजतात, पायच्या आवरणात मैद्याच्या निम्म्या वजनाइतकं लोणी किंवा तत्सम घट्ट चरबी हे साधं प्रमाण आहे. पुण्यात हे प्रकरण आलं लष्करामार्गे. १८१७च्या खडकीच्या लढाईनंतर इथे इंग्रजांची छावणी बसली, तिच्याबरोबर पाव-बिस्किटं आली आणि पुढे इराण्यांच्या भट्ट्या. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ची. पेठांमध्ये मात्र बेकरीबद्दल पहिला प्रश्न कॅलरीचा नसायचाच, तो असायचा "यात अंडं आहे का?" त्याचं उत्तर वेष्टनावर छापणं सक्तीचं झालं ते २००१मध्ये, हिरव्या आणि तपकिरी ठिपक्यांनी. म्हणजे पोळीभाजीच्या घरांना हवी ती माहिती कॅलरींच्या आठ वर्षं आधी मिळाली.

तक्त्यातलं गणित त्याहून बरंच जुनं. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅममागे ४ कॅलरी, चरबी ९, हा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी बसवला. आपल्याकडे कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८मध्ये बेरीबेरी या जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या रोगावरच्या संशोधनाचं छोटं केंद्र सुरू केलं, तेच वाढत जाऊन हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. भारतीय पदार्थांच्या पोषणमूल्यांची पहिली पुस्तिका १९३७ची. तेव्हाची काळजी अर्थातच उलटी होती: लोकांना पुरेसं मिळत नाही. पाय खाऊन वजन वाढेल ही चिंता कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

त्यामुळे १९५४चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदाही पोषणाबद्दल जवळपास मुकाच. दुधात पाणी, हळदीत रंग, तुपात वनस्पती, हे त्याचे शत्रू. त्या कायद्याखाली वादातले नमुने निकाली काढणाऱ्या देशातल्या चार केंद्रीय प्रयोगशाळांपैकी एक पुण्यातली, राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा. इतकी मोठी तपासणी गावात असून घरातल्या डब्यात किती साखर जाते, हे सांगणारा कागद मात्र नव्हता. तो आला २००८च्या दुरुस्तीने. मार्च २००९पासून पाकीटबंद पदार्थांवर पोषणाचा तक्ता बंधनकारक झाला. २०११मध्ये अन्नसुरक्षा कायद्याचे नियम लागू झाले आणि जुना भेसळीचा कायदा इतिहासजमा झाला. अतिरिक्त साखरेची वेगळी ओळ आणि दिवसाच्या गरजेच्या किती टक्के हा रकाना २०२०च्या नियमांतला, प्रत्यक्षात २०२२पासूनचा. त्यामागचं माप: दिवसाला २००० कॅलरी, ६७ ग्रॅम चरबी, ५० ग्रॅम अतिरिक्त साखर, २००० मिलिग्रॅम सोडियम.

आता पायला हे माप लावू. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार तयार विकत मिळणाऱ्या अ‍ॅपल पायच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २३७ कॅलरी, ११ ग्रॅम चरबी, ३४ ग्रॅम कर्बोदकं (त्यांत निम्म्याच्या आसपास साखर), जेमतेम २ ग्रॅम प्रथिनं आणि दीड ग्रॅम तंतू. नुसतं सफरचंद १०० ग्रॅमला ५२ कॅलरी, चरबी नाहीच म्हणा. म्हणजे पायमधली जवळजवळ सगळी चरबी पारीची, आणि चरबीतून येणाऱ्या कॅलरी चाळीस टक्क्यांवर. फळांचा पदार्थ म्हणून घेतो, खातो मात्र पारी. सव्वाशे ग्रॅमची एक फोड तीनशे कॅलरींच्या घरात जाते, आणि खोक्यावर 'एक सर्व्हिंग' म्हणून याहून लहान तुकडा धरला असेल तर रकान्यातले टक्के तितकेच साजरे दिसतात. काका १०० ग्रॅमचा रकाना वाचतात ते बरोबरच.

पण खरी गोष्ट ट्रान्स फॅटच्या ओळीत दडलेली आहे. पारी खुसखुशीत व्हायला चरबी खोलीच्या तापमानाला घट्ट हवी, म्हणजे ती मैद्याच्या चिकट धाग्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. लोणी महाग. द्रव तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते गोठवण्याची युक्ती १९०२मध्ये विल्हेल्म नॉर्मान यांनी पेटंट केली. अमेरिकेत १९११ला क्रिस्को आलं, आपल्याकडे १९३७ला डालडा हे वनस्पती तूप, आणि डालडा हे नुसतं नाव न राहता वस्तूच झाली. खारी, नानकटाई, पाय, सगळ्यांचा खुसखुशीतपणा स्वस्त झाला. त्या अर्धवट प्रक्रियेत तयार होणारी ट्रान्स चरबी हृदयाला घातक, हे उशिरा उमगलं. वनस्पती तुपात तिची मर्यादा आधी १० टक्के, मग ५, २०२१मध्ये ३ आणि जानेवारी २०२२पासून २ टक्के झाली, आणि तिथपासून ती तेला-तुपापुरती न राहता त्यांपासून बनलेल्या पदार्थांनाही लागू झाली. पायमधल्या ११ ग्रॅम चरबीवर हिशेब करा: पूर्वी सगळी चरबी वनस्पतीची असती, तर १.१ ग्रॅमपर्यंत ट्रान्स फॅट कायद्यात बसत होतं, आता ०.२२. तक्त्यातली ही सर्वांत छोटी संख्या माझ्या मते सर्वांत मोठ्या लढाईची.

फळ किती, हे विचारायला तक्ता उपयोगाचा नाही, त्यासाठी शेजारची घटकांची यादी बघायची. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि वेष्टनावर शब्दांतून किंवा चित्रातून एखादा घटक मिरवला, तर त्याची टक्केवारीही द्यावी लागते. ते दवबिंदूवालं सफरचंद म्हणजे कायद्याच्या भाषेत कबुलीच. अमेरिकेत फ्रोझन चेरी पायपुरता याहून कडक नियम होता, वजनाच्या किमान २५ टक्के चेरी. इतर कुठल्याच फळाच्या पायला तो नव्हता, आणि २०२४मध्ये तोही काढून टाकला.

पुण्याच्या लष्कर भागातल्या बेकरीच्या काचेमागे ताटात मांडलेल्या सुट्या पायवर यातलं काहीच छापावं लागत नाही, कारण हा तक्ता पाकीटबंद मालासाठी आहे. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळीवाल्यांना २०२२पासून मेन्यूवर कॅलरी लिहाव्या लागतात, एकट्या दुकानाला नाही. काकांनी तिथे चरबीची चौकशी केली, तर काऊंटरवरून उत्तर येतं: "ताजा आहे काका, आत्ताच भट्टीतून आलाय."