हाताला मुंग्या आणि आखडलेली बोटं

हात बधिर होणं आणि बोटं आखडणं ह्या खरं तर दोन वेगळ्या तक्रारी, पण दवाखान्यात माणूस दोन्ही एकाच दमात सांगतो, 'डॉक्टर, हात मेल्यासारखा होतो'. मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा हे बहुतेक वेळा नसेचं दुखणं असतं, आणि मूठ न वळणं, बोटं कडक होणं हे सांध्याचं, कंडरांचं (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) किंवा कधी कधी नुसत्या कातडीचं. मराठीत नस म्हटलं की रक्ताची की संवेदनेची हे कळत नाही, इथे संवेदना आणि हालचाल नेणारी नस, म्हणजे नर्व्ह, असंच धरायचं. हातावर डोकं ठेवून झोपलो, हात झोपला, झटकल्यावर पाच मिनिटांत जागा झाला, हे आजारात मोडत नाही. आठवडेच्या आठवडे तेच चाललंय, झोपमोड होतेय, हातातून कपबशी निसटतेय, तेव्हा कारण शोधावं लागतं. आपल्याकडे मात्र उत्तर आधीच ठरलेलं असतं, 'वात आहे' नाहीतर 'मणक्यात गॅप आलीय', आणि तेल चोळण्यात वर्ष निघून जातं.

पहिला प्रश्न असा की करंगळी बधिर होते का? ऐकायला किरकोळ वाटतं पण अर्धं निदान तिथेच होतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू ही मीडियन नावाच्या नसेची हद्द, आणि करंगळी व अनामिकेची उरलेली अर्धी बाजू अल्नर नसेची. एकाच बोटाची एक कड बधिर आणि दुसरी चांगली असं कुणी सांगितलं तर घरच्यांना ते मनाचे खेळ वाटतात, डॉक्टरला मात्र ते ऐकून बरं वाटतं.

करंगळी सोडून बाकीची बोटं बधिर होत असतील तर सगळ्यात आधी नाव येतं कार्पल टनेल सिंड्रोमचं. मनगटाच्या आतल्या बाजूला हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा मिळून एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटं मिटणाऱ्या ९ कंडरा आणि मीडियन नस अशी सगळी गर्दी पलीकडे जाते, लोकलच्या डब्यासारखी, आणि थोडी जरी सूज आली तरी चेंगरते ती नस, कारण त्या गर्दीत सगळ्यात मऊ तीच. ह्याची खूण रात्री दिसते. बाई तीन वाजता उठते, हात कॉटखाली लोंबकळत सोडते, जोरजोरात झटकते, मग जरा बरं वाटतं आणि ती परत झोपते. झोपेत मनगट मुडपलेलं राहतं म्हणून हे होतं. दिवसा स्कूटर चालवताना, फोन धरून बोलताना, पोळ्या लाटताना वाढतं. बायकांमध्ये जास्त दिसतं, गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत येऊन बाळंतपणानंतर बरेचदा आपोआप जातं, आणि थायरॉइड कमी असणं, डायबिटीस, संधिवात ह्यांच्या जोडीनेही येतं. की-बोर्डला सगळे शिव्या घालतात पण त्याचा पुरावा तितका पक्का नाही, जोर लावून पकडायची कामं आणि हादरे देणारी मशिनं ह्यांचा जास्त आहे.

तपासायला दोन युक्त्या आहेत, दोन्ही साध्या. मनगटावर नसेच्या जागी बोटाने टिचक्या मारल्या की बोटांत करंट जातो, ही टिनेल ह्या फ्रेंच डॉक्टरने १९१५ मध्ये सांगितलेली खूण. दुसरी फेलन टेस्ट, म्हणजे उलटा नमस्कार: दोन्ही हातांच्या पाठी एकमेकांना टेकवून बोटं खाली सोडायची, ६० सेकंद तसंच थांबायचं, मुंग्या आल्या तर संशय पक्का. ह्या टेस्ट चुकतातही, म्हणून शेवटी एनसीव्ही करतात, त्यात नसेला बारीक शॉक देऊन निरोप किती वेगाने जातो ते मोजतात.

आता सुलटा नमस्कार. जुना डायबिटीस असलेल्या माणसाला हात जोडायला सांगा, काहींचे तळवे टेकतात पण बोटं टेकत नाहीत, मधे फट राहते. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की कातडीतलं आणि सांध्याभोवतीचं कोलॅजन कडक होतं, बोटं सरळ होत नाहीत, आणि दुखत फारसं नाही म्हणून लक्षही जात नाही. देवासमोर रोज हात जोडणाऱ्या माणसाला ही फट आयती दिसू शकते, फक्त बघायला हवी. डायबिटीसवाल्यांना ट्रिगर फिंगरही जास्त होतं, सकाळी बोट मिटतं ते अडकूनच बसतं, दुसऱ्या हाताने ओढलं की खटकन उघडतं. साखरेमुळे नसा बिघडतात त्याची सुरुवात मात्र सहसा पायांपासून होते, आधी मोजे घातल्यासारखं आणि पुढे हातमोजे घातल्यासारखं. हात बधिर, पाय एकदम ठणठणीत असं असेल तर सगळा दोष साखरेवर टाकायची घाई करू नये.

दोन्ही हात आणि पाय बधिर असतील तर बी-१२ तपासणं आलंच. वनस्पतीजन्य जेवणात हे व्हिटॅमिन जवळपास नसतंच, दूध-दही जेमतेम खाणाऱ्या शाकाहारी घरांत ते कमी पडतं, वर डायबिटीससाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी कमी होतं. हिमोग्लोबिन नॉर्मल आलं म्हणून बी-१२ बरोबर असेल असं नाही, नसा आधी बिघडू शकतात. टीबीच्या गोळ्यांमधल्या आयसोनियाझिडनेही मुंग्या येतात, म्हणून सोबत बी-६ ची गोळी देतात, आणि गंमत म्हणजे बी-६ मनानेच खूप दिवस जास्त घेतलं तर त्यानेही नसा खराब होतात. केमोची काही औषधं आणि रोजची दारू हीपण ह्याच रांगेत.

करंगळीकडची बाजू बधिर असेल तर कोपर बघायचं. कोपर आपटलं की करंट लागतो तीच ही अल्नर नस, हाडामागून अगदी कातडीलगत जाते. टेबलावर कोपर टेकवून तासन्‌तास बसणारे, कोपर दुमडून फोन कानाला लावून झोपणारे, त्यांची ती दबते.

पण ह्याच नसेचा दुसरा आजार आपल्याकडे विसरून चालत नाही, तो म्हणजे कुष्ठरोग. ह्यात कोपरामागे नस दोरीसारखी जाड लागते, करंगळी आणि अनामिका हळूहळू पंजासारख्या वाकतात, अंगावर कुठेतरी फिकट किंवा लालसर चट्टा असतो ज्यावर टोचलेलं कळत नाही. तव्याचा चटका बसला, फोड आला, आणि तो दिसला तेव्हा समजलं, अशा गोष्टी घडतात. जंतू हान्सेनने १८७३ मध्ये शोधला, आनंदवनामुळे मराठी माणसाला हा आजार माहीत आहे, पण 'आता तो संपला' अशी समजूत झालीय ती चूक. एमडीटीच्या (कुष्ठरोगावर एकत्र द्यायच्या अनेक औषधांच्या) गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो, मात्र वाकलेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत. त्यासाठी कंडरा एका जागेवरून दुसऱ्या जागी जोडायचं ऑपरेशन वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड ह्यांनी नावारूपाला आणलं.

मानेचं म्हणाल तर तिथली नस दबली की कळ मानेतून खांद्यावरून हातात उतरते, मान वळवली की बदलते. खरी काळजी मणक्यातला मज्जारज्जूच दबला तर: शर्टाची बटणं लागत नाहीत, अक्षर बिघडतं, चालताना तोल जातो. इथे तेलमालिश आणि मानेला झटके देणं एकदम बंद.

सकाळी उठल्यावर बोटं कडक, दोन्ही हातांची, बोटांची मुळं आणि मनगटं सुजलेली, आणि सैल व्हायला तासभर लागतो, हे ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचं चित्र. म्हातारपणच्या झिजेत कडकपणा सहसा अर्ध्या तासात जातो आणि नखांजवळच्या पेरांवर गाठी येतात. थंडीत बोटं पांढरी, मग निळी, मग लाल पडत असतील तर ते रेनॉड, म्हणजे थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळणं, परदेशात गेलेल्यांना पहिल्या हिवाळ्यातच कळतं, पण सोबत बोटांची कातडी घट्ट चकचकीत होत असेल तर स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी कडक करणारा आजार, तपासतात.

काही दुखण्यांत मात्र थांबून चालत नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं. अचानक एका बाजूचा हात, तोंड, बोलणं गेलं तर तो स्ट्रोक. मुंग्या पायांपासून वर चढताहेत आणि दोन-चार दिवसांत ताकद जातेय तर जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, ह्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते), ज्याची साथ जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला आली होती.

उपचार कारणाप्रमाणे. कार्पल टनेलला आधी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, मग स्टिरॉइडचं इंजेक्शन, नाही भागलं तर तो जाड पट्टा कापून बोगदा मोकळा करायचा, बरेचदा हातच फक्त बधिर करून. रात्रीच्या मुंग्या लवकर थांबतात, पण अंगठ्याखालचा गुबगुबीत उंचवटा एकदा सपाट झाला की तो भरून येईलच असं नाही. तुटलेली नस परत वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत पोचायला वर्षभर तरी धरा.