डेमलो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी पूर्णवर्ग संख्या. १११११११११ (नऊ वेळा १) हिचा वर्ग. भारतीय लेखनपद्धतीने १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. भास्कराचार्यांच्या स्थाननामांत तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी, म्हणजे परार्धाच्या (एकावर सतरा शून्ये) एक घर खाली येतो.

‘डेमलो’ हे नाव द. रा. कापरेकर (१९०५–८६) यांनी दिले. डहाणूत जन्मलेले, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर (१९२९) व पुढे देवळालीत शाळामास्तर राहिलेले कापरेकर यांना ही कल्पना जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेमलो नावाच्या स्थानकावर सुचली, असे चरित्रलेखांत येते. हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली, असे सर्वसाधारणपणे मानतात. नुसत्या उच्चारसाम्यावर हे मत तोलता येणार नाही. मात्र डेमलो मुंबईपासून ३० मैलांवर असल्याचे नमूद आहे आणि डोंबिवलीही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४८ किमी.वर आहे, हा पुरावा अधिक भरवशाचा वाटतो. कल्पना नेमकी केव्हा सुचली हा प्रश्न वेगळा. ती १९३८ च्या आधीची असावी, कारण त्या सुमारास कापरेकरांचे टिपण छापून आले. के. आर. गुंजीकर व कापरेकर यांचा उपपत्तीविषयक लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आज १, १२१, १२३२१ अशा वर्गांनाच डेमलो म्हणण्याचा प्रघात आहे. व्यापक व्याख्येत संख्येचे तीन भाग पाडतात. कडेच्या दोन भागांची बेरीज मधल्या भागातील अंकाच्याच पुनरावृत्तीची यावी लागते. येथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ आणि मध्ये ९. ही व्याख्या अधिक सयुक्तिक आहे. वर्ग हा तिचा एक विशेष प्रकार ठरतो.

सममितीचे कारण उभ्या गुणाकारात दिसते. नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकतात. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ, मग पुन्हा उतरती संख्या. हातचा कुठेच येत नाही. दहा वेळा १ घेतल्यास मधल्या रकान्याची बेरीज १० होते, हातचा डावीकडे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ हे वेडेवाकडे उत्तर येते. तेव्हा ही किमया दशमान पद्धतीची आहे. १६ पाया घेतल्यास ती पंधरा एकांपर्यंत चालते.

अंकांची बेरीज ८१. संख्येला तिने गुणल्यास ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो, भागल्यास १२३४५६७९ चा (यात ८ नाही). ८१ ने निःशेष भाग जात असल्याने कापरेकरांच्याच परिभाषेत ही ‘हर्षद’ (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) संख्याही आहे. मूळ अवयव ३, ३७ व ३३३६६७. पैकी ३ चार वेळा, इतर दोन-दोनदा. एकूण विभाजक ४५.

याच घराण्यातील १२३४५६५४३२१ ही संख्या नवव्या शतकात गणिती महावीराचार्यांनी शब्दांत सांगितली आहे: एकापासून सहापर्यंत चढणारी, मग क्रमाने उतरणारी.