पहिल्या शीतला पुरावा

बाळंतपणानंतर पहिल्या दिवशी बाळाच्या लंगोटात काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी दिसते. आज्ज्या म्हणतात, पोट साफ झालं. डॉक्टर तिला मेकोनियम म्हणतात. गर्भातल्या बाळाच्या आतड्यात ती कित्येक महिने साठत असते आणि आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचलेल्या पदार्थांचे अंशही तिच्यात अडकून राहतात.

गरोदरपणी घेतलेल्या 'मेथ' या नशेच्या पदार्थाचा बाळावर काय परिणाम होतो हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या 'आयडियल' नावाच्या अभ्यासात नेमकी हीच शी तपासली गेली. लॉस एंजेलिस, डे मॉइन, टल्सा आणि होनोलुलू इथल्या आयांना 'मेथ घेत होतात का' असं विचारलं गेलं आणि शीतूनही खात्री करून घेतली. मग मेथ घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या आयांची मुलं पुढे काही वर्षं नजरेखाली ठेवली. तंबाखू आणि दारू दोन्ही गटांत होती. ते मुद्दामच, नाहीतर कशाचा दोष कुणावर गेला असता!

मेथ म्हणजे मेथॅम्फेटामिन. आपल्याकडच्या बातम्यांत दिसणारं 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन, ते वेगळं. पण मेथ ज्यापासून बनवतात ते इफेड्रिन मात्र आपल्याला अनोळखी नाही. 2016 मध्ये सोलापुरातल्या एका कारखान्यातून पोलिसांनी ते टनांवारी जप्त केलं होतं.

मेथने रक्तवाहिन्या आकसतात, आईचा रक्तदाब चढतो, भूक मरते, झोप उडते. गर्भाशयाकडे जाणारं रक्त कमी झालं की वारेतून बाळाला मिळणारा प्राणवायू आणि अन्नही घटतं. शिवाय वार मेथला अडवत नाही, ते थेट बाळापर्यंत जातं. वार वेळेआधी सुटली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. 'आयडियल'मध्ये मेथच्या संपर्कात आलेली बाळं पोटातल्या वयाच्या मानाने लहानखुरी निघण्याची शक्यता साडेतीन पट आढळली. जन्मल्यावर ती मलूल वाटत, त्यांच्या हालचालीही तितक्या सफाईदार नसत. तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी त्यांच्यात चिंता, चिडचिड थोडी जास्त दिसली.

'थोडी' हा शब्द वाचताना निसटू देऊ नका. अफू-हेरॉइन घेणाऱ्या आईच्या बाळाला जन्मानंतर जसा नशा तुटल्याचा जोरदार त्रास होतो, तसा इथे सहसा दिसत नाही. पहिल्या वर्षी हाताची पकड जरा कच्ची होती, तिसऱ्या वर्षापर्यंत तो फरक पुसला गेला. तरीही अमेरिकी वृत्तपत्रांनी 'मेथ बेबी' असा शिक्का मारलाच. 2005 मध्ये नव्वदहून अधिक डॉक्टर आणि संशोधकांनी उघड पत्र लिहून तो शब्द वापरू नका असं बजावलं. क्रॅक, म्हणजे ओढायचं कोकेन, घेणाऱ्या आयांच्या मुलांवरून 'क्रॅक बेबी' म्हणून 1980च्या दशकात असाच गहजब झाला होता. फिलाडेल्फियात डॉ. हलाम हर्ट यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तर कोकेनपेक्षा गरिबीचाच भार मोठा निघाला.

शिक्क्याची झळ आईलाही लागते. मूल काढून घेतील या धास्तीने ती तपासणीलाच जात नाही, आणि रक्तदाब वाढलेला कुणाला कळतच नाही. होनोलुलूतल्या एका दवाखान्याने उलट वाट धरली: गरोदरपणाची तपासणी आणि व्यसनावरचा उपचार एकाच ठिकाणी. तिथे गरोदरपणात मेथ सोडलेल्या बायकांची बाळंतपणं शेवटपर्यंत घेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली, उशिरा सोडलं असलं तरीही.